मोरपिसांचा बाण

रंभाजीराव सरदारांनी फर्मान काढलं, यंदा दसऱ्याच्या नेमबाजीत बाणांना मोरपिसंच लावा, थाट दिसला पाहिजे. बाण करणारी ठकूबाई काही ऐकेना.

"सरकार, मोरपिसांनी बाण भरकटतो. घारीची तीन पिसं लागतात, तीही एकाच पंखाची."

"आम्हाला शिकवतेस? मोरपिसांचा बाणही सरळच जातो!"

"मग निशाणाला खेटून उभे राहा. मोरपिसांचा बाण मी सोडते."

सरदारांनी घाम पुसला. "आणि घारीच्या पिसांचा असला, तर तू उभी राहशील?"

ठकूबाई तडक जाऊन निशाणाला खेटून उभी राहिली.

"राहिले. फक्त धनुष्य माझ्या लेकीच्या हाती द्या, सरकार. पिसं कितीही चांगली असली, तरी तुमच्या नेमाचा भरवसा मी देत नाही."