बेसिकचा दुभाष्या

“मग यातलं काय काढून टाकू, सर?”

शुभदानं विचारलं खरं, पण काही काढायची तिची तयारी नव्हती.

अमेरिकेत शिकून ती कुडाळला परतली होती, ती शाळेतल्या मुलांना कॉम्प्युटर शिकवायचाच या जिद्दीनं. मुलांनी बेसिक या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहिलेलं यंत्राला समजावून सांगणारा दुभाष्या तिनं स्वतः रचला होता. पण यंत्राची मेमरी एवढीशी. दुभाष्याच सगळी जागा अडवून बसला. मुलांच्या प्रोग्रॅमला ओळभरही जागा उरेना. आणि उद्या सकाळी संस्थेची मंडळी बघायला येणार होती. त्यांना पटलं नाही, तर यंत्र पुन्हा खोक्यात.

तिरोडकर सर तिचे गणिताचे जुने मास्तर. त्यांनी चष्मा पुसला.

“सगळ्यात जास्त जागा कशाला लागते?”

“तपासणीला. माझा दुभाष्या आधी अख्खा प्रोग्रॅम तपासतो. कुठंही एक चूक सापडली, की पहिली ओळसुद्धा चालू देत नाही. असा कुणी केला नसेल, सर!”

“हं… एकोणतिसाचा पाढा म्हण.”

“आत्ता?”

“म्हण गं.”

“एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी, एकोणतीस चोक…”

सर वाट बघत राहिले.

“अडलं,” ती ओशाळून म्हणाली.

“अडणारच. शाळेतही इथंच अडायचीस.”

“ठाऊक होतं, तर म्हणायला का लावलंत?”

त्यांनी कीबोर्ड तिच्याकडे सरकवला.

शुभदा पडद्याकडे बघत बसली… अडेपर्यंतच्या तीन ओळी तर बरोबर आल्या होत्या. मग तिनं तपासणी मुळापासून उपटली. ओळ वाचायची, तेवढी करायची, पुढं जायचं. अडलं तर तिथं सांगायचं. एवढंच ठेवलं.

दुभाष्या मावला. वर ऐसपैस जागा उरली.

तिनं मुद्दाम तिसऱ्या ओळीत चूक असलेला प्रोग्रॅम लिहिला. पडद्यावर तिचं नाव उमटलं. बेरीज उमटली. तिसऱ्या ओळीशी यंत्र चूक दाखवून थांबलं.

“मावला, सर! चालतोय!” कितीतरी दिवसांनी तिला मोकळा श्वास घेता आला. ती हसत सुटली.

मग एकदम सरांकडे वळली.

“पण उद्या मंडळींसमोर असाच मधेच थांबला तर?”

सर पायात चपला सरकवत होते.

“तर सगळे पुढं वाकून बघतील, कुठं अडलं ते.”