हातही न लावलेले उंदीर

"पण ते विसरले काहून, भन्तेजी? त्यांना तर काहीच त्रास नव्हता!"

संघपाल रामटेके विहाराच्या ओसरीवर येऊन बसला आणि बसल्या बसल्या विचारता झाला. वंदना करायची राहूनच गेली.

भन्ते रेवत फाटलेलं चीवर शिवत होते. संघपालला लहानपणी त्यांनीच याच ओसरीवर त्रिशरण शिकवलं होतं. आता तो नागपूरच्या एका प्रयोगशाळेत उंदरांवर पीएचडी करत होता. पदवी अजून हातात यायची होती, पण नावाआधी 'डॉक्टर' लावून झालं होतं.

"कुणाला त्रास नव्हता?"

"दुसऱ्या गटाला. बघा, पहिल्या गटातल्या उंदरांना मी रोज अरुंद नळीत कोंबतो. हलता येत नाही. तो ताण. दुसरा गट आरामात. मग दोघांनाही गढूळ पाण्याच्या टाकीत सोडायचं. पाण्याखाली टेकायला एक पाट लपवलेला असतो. आरामातला उंदीर एकदा सापडलेला पाट विसरत नाही. ताणातला विसरतो. असं व्हायला पाहिजे."

"आणि झालं काय?"

"दोघंही विसरले. दुसरा गट तर जास्तच."

भन्ते सुईत दोरा ओवू लागले.

"सोमवारी समितीपुढे उभं राहायचं आहे. सगळ्या वर्षांची मेहनत मातीत जाईल, भन्तेजी."

"मग काय ठरवलंस?"

"दुसरा गट रद्द. नवे उंदीर आणायचे."

"रद्द म्हणजे?"

संघपाल समोरच्या पिंपळाकडे बघू लागला.

"...मारायचे."

दोरा ओवला गेला. भन्ते थांबले होते.

"म्हणून तर आलो. मनाला बरं वाटत नाही. तुम्ही एकदा 'हरकत नाही' म्हणा. बस्स."

"आरामात होते म्हणतोस."

"राजासारखे! पहिल्या गटाला तरी मी रोज उचलायचो, नळीत घालायचो. यांना कधी हातही लावला नाही."

"कधीच?"

"तसा रिवाज आहे आमच्यात. प्रयोगाआधी रोज थोडा वेळ हातात घ्यायचं, माणसाच्या हाताची सवय करायची. पण ज्यांना त्रास द्यायचाच नाही, त्यांच्यात वेळ कशाला घालवायचा? तेवढे दिवस वाचवले मी."

हे सांगताना त्याला थोडा अभिमानच वाटत होता.

"मग पाण्यात ते आपणहून उतरले?"

"छे हो! मीच उचलून सोडले."

भन्तेंनी दोन टाके घातले. तिसरा घातला.

...

"समितीला काय सांगशील?"

"पाठच केलं आहे." संघपाल ताठ झाला. त्याने घसा खाकरला. समोर भन्ते नसून समितीच बसली आहे, अशा थाटात तो बोलू लागला.

"दुसऱ्या गटातील प्राणी जन्मतःच मंद असल्याचे आढळून आले. त्यांची स्मरणशक्ती मुळातच..."

भन्तेंनी सुई चीवरात खोचली. उठले. सावकाश त्याच्या मागे गेले.

आणि मानगूट धरली.

म्हाताऱ्याच्या त्या काटकुळ्या हातात एवढं बळ कुठून आलं, कोण जाणे. संघपाल अर्धा उठला, किंचाळला, चांगला थोराड गडी पाय झाडू लागला. पिंपळावरचे कावळे उडाले.

भन्तेंनी हात काढून घेतला.

"हं. पुढे म्हण."

"त्यांची... मुळातच..."

"म्हण."

"मुळातच... त्यांची..."

तोंडाला कोरड पडली होती. कानशिलं ठणकत होती. आठवडाभर घोकलेलं वाक्य कुठे गेलं, त्याला कळेना. त्याला लाज वाटली, मग राग आला.

"असं काय करता, भन्तेजी! आत्ता तर येत होतं मला!"

भन्ते परत जागेवर येऊन बसले. चीवर मांडीवर पसरलं. सुई शोधली.

"मी तर आजवर तुला कधी हातही लावला नव्हता."