तिसरी वाटी

फार जुनी गोष्ट. नदीकाठच्या एका गावात एक तांबट राहायचा. त्याच्या बायकोला दमा होता. दम कोंडला की बिचारीला हाकसुद्धा मारता यायची नाही. मग ती बांगडीने तांब्यावर टकटक करायची.

एकदा एक गोसावी दारी आला. त्याने तांबटाला प्राणायाम शिकवला. म्हणाला, "पूरक म्हणजे घेणं, कुंभक म्हणजे धरणं, रेचक म्हणजे सोडणं. हिचा दम कोंडला की पाठीला पाठ लावून बस आणि सावकाश सोडत राहा. हिला वाट सापडेल." तसंच झालं. दोन पाट मागेपुढे मांडायचे, पाठीला पाठ टेकवायची. हळूहळू तिचा श्वास त्याच्या चालीवर यायचा.

पण तांबटाला गोडी लागली ती धरण्याची. त्याने बुडाला बारीक भोक पाडून एक वाटी घडवली. पाण्यावर ठेवली की भरत भरत बुडायची. तेवढा वेळ श्वास धरायचा. एक वाटी झाली, लागोपाठ दोन झाल्या. गाव बघायला येऊ लागलं.

बायको म्हणाली, "भांडी घडवता घडवता तुम्हीच भांडं झालात. वर झाकणही लावून घेतलंत."

"तुला नाही कळायचं त्यातलं."

"नाही तर नाही. पण मी टकटक केली की उठाल ना?"

"उठेन गं."

एके दिवशी अंगणात माणसं दाटली. दोन वाट्या बुडाल्या, तिसरी पाण्यावर सोडली. ती अर्धी भरली नि आतून टकटक आली. कुणी मान वळवली नाही. तांबटाच्या घरात ठोकणं काय नवं होतं? ओळखलं ते त्या एकट्यानेच. मनात म्हणाला, एवढी बुडू दे, मग जातो.

टकटक विरळ झाली. मग थांबली. बरं वाटलं असेल तिला, असं त्याने मनाला सांगितलं. वाटी बुडाली. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं.

खाली उतरून तो आत गेला. बायकोने दोन्ही पाट मांडून ठेवले होते. त्याच्या रिकाम्या पाटावर ती मागे कलंडली होती.

वर्षाने गोसावी परत आला. तांबट भिंतीला पाठ लावून बसला होता. "महाराज, सोडणं पुन्हा शिकवा. छातीत अडकून बसलंय."

गोसावी त्याच्यापाशी खाली बसला. मग म्हणाला, "ते पाठीला पाठ लागली की यायचं, बाबा. भिंतीला श्वास नसतो."

तांबट म्हातारा झाला, तरी रोज दोन पाट मांडायचा.

तात्पर्य एवढंच, लेकरांनो: धरून ठेवलेला श्वास आपल्यापुरता, दुसऱ्याच्या कामी येतो तो सोडलेला, आणि तोही वेळेवर.