बिनडोळ्याचा पोपट

तीन ओढ्यांच्या काठी वसलेल्या एका गावात भिकोबा नावाचा कथेकरी राहत होता. जत्रेत त्याची कथा असली की माणसं लांबून गाड्या जुंपून यायची. भिकोबा बोलू लागला की तान्ही पोरंसुद्धा गप्प होतात, असं लोक म्हणत. ते त्यालाही ठाऊक होतं, आणि आवडत होतं.

त्याच गावात साळू नावाची विधवा गोधड्या शिवून पोट भरत असे. एकदा ती शिवलेली गोधडी द्यायला भिकोबाकडे आली आणि उंबऱ्यातच बसून राहिली. सोळा वर्षं मनात दाबलेलं तिनं त्या दिवशी भिकोबाला सांगितलं. मोठ्या दुष्काळात तिचा नवरा गेला. अंगावरचं दूध आटलं. तेव्हा महिन्याची लेक उचलून ती चार कोस चालली आणि कोष्ट्यांच्या आळीत एका दारात ठेवून आली. पोरीच्या डोक्याला तिनं स्वतः शिवलेली कुंची होती. कुंचीवर पोपट काढला होता. दोरा संपला, म्हणून पोपटाचा डोळा राहून गेला.

"यंदाही पाऊस नाही," साळू म्हणाली. "कुणा बाईवर तीच पाळी आली असेल. असं करणारी आपण एकटीच नाही, एवढं तिला कळू दे. कथा सांगा, बुवा. पण नाव नको, गाव नको, आणि कुंचीचं तर मुळीच नको. लेक आहे तिथं सुखात आहे."

भिकोबानं देवाची शपथ घेतली, आणि आधी पाळलीही. नाव बदललं. गाव बदललं. कोष्ट्यांचे कुंभार केले आणि कुंचीच्या जागी साधं फडकं घातलं. चार गावांत त्यानं ही कथा सांगितली. एका गावात कथा संपल्यावर एक बाई त्याच्या पाया पडली आणि निघून गेली. बाकीचे मात्र जांभया देत उठले. तेच भिकोबाच्या मनाला लागून राहिलं.

चैत्रात जत्रा भरली. भर दुपारी मोठा जमाव बसला होता. कथा त्या फडक्यापाशी आली आणि मागची माणसं उठू लागली. भिकोबाला ते सोसवेना. नाव झाकलंय, गाव झाकलंय, एका पोपटानं काय होतंय, असं त्यानं मनाशी म्हटलं. फडक्याची त्यानं कुंची केली. तिच्यावर पोपट काढला आणि डोळ्यापाशी दोरा संपवला. उठलेली माणसं खाली बसली. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. इतकी रंगलेली कथा त्यानं आयुष्यात सांगितली नव्हती.

त्या बायकांत कोष्ट्यांच्या आळीतल्या दोघी होत्या. त्यांच्या शेजारच्या राही कोष्टिणीची एकुलती लेक अंबू. ती आपल्या माहेरी जन्मली, असं राहीनं सगळ्यांना सांगितलं होतं. पण अंबूची कुंची पुढं आळीतल्या कितीतरी पोरांच्या डोक्यावरून फिरली होती. तो बिनडोळ्याचा पोपट सगळ्यांच्या ओळखीचा होता.

आठ दिवसांत अंबूचं ठरलेलं लग्न मोडलं. पोर कुणाची, असं सोयऱ्यांनी विचारलं आणि नारळ परत पाठवला. अंबूनंही तेच विचारलं, तेव्हा राहीला खोटं बोलवेना. त्या दिवसापासून अंबूनं तिला आई म्हटलं नाही.

साळूच्या कानावर हे आलं तेव्हा तिला राहवलं नाही. ती चार कोस चालत गेली, अंबूसमोर उभी राहिली आणि आपण कोण, कथा कुणी सांगायला लावली, ते तिनं सांगितलं.

"मला टाकलंत, ते मी समजून घेतलं असतं," अंबू म्हणाली. "पण मला जत्रेत नेऊन बसवलंत."

तिनं दार लावून घेतलं.

साळू तशीच भिकोबाकडे आली. तो कावराबावरा झाला. तुझं नाव मी कुठंही घेतलं नाही, असं तो पुन्हा पुन्हा सांगू लागला.

"माझं घेतलं असतंत तरी चाललं असतं, बुवा," साळू म्हणाली. "पोपट तिचा होता."

त्यानंतर साळू गावात कुणाला दिसली नाही.

भिकोबा कोष्ट्यांच्या आळीत गेला. ही कथा खोटी आहे, मीच रचली, असं त्यानं दारोदार सांगितलं. कुणी विश्वास ठेवला नाही. त्यानं कथा सांगणं सोडलं. पण त्यामुळं काहीच थांबलं नाही.

दोन वर्षांनी दूरच्या एका जत्रेत कुणी नवा कथेकरी हीच कथा सांगत होता. साळूचं नाव घेऊन, अंबूचं नाव घेऊन, दोन्ही गावांची नावं घेऊन. भिकोबा त्याला थांबवायला गर्दीत उभा राहिला. शेजारच्या माणसानं त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं.

"बसा बाबा," तो म्हणाला. "पुढं फार छान आहे."

तात्पर्य: दुसऱ्याचं दुःख सांगताना नुसतं नाव झाकून भागत नाही. ज्या खुणेनं माणूस ओळखू येतो, ती खूण कथा फिकी पडली तरी गाळावी. कारण तोंडून सुटलेली कथा पुन्हा आपल्या हाती येत नाही.