द्वारकीचा दोर

माडवेळचा किनारा पाहायला लांबून लोक येतात. पांढरी वाळू आणि काठावर सुरूची झाडे पाहून माणूस खूश होतो. या वाळूच्या मधोमध एक काळा, अरुंद खडक सरळ समुद्रात गेला आहे. पाहुणे त्यावर उभे राहून फोटो काढतात, आणि होडीवाले म्हातारे लवू तांडेल त्यांना आधी खाली उतरायला लावतात. मग हकीगत सांगतात, तीही काहीशी रागावूनच.

फार पूर्वी, असे सांगतात, माडवेळची रापण सगळ्या गावाची होती. होडीतून जाळे समुद्रात गोल टाकायचे आणि त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचे. ज्याचा हात दोराला, त्याला वाटा. नवरा गेला तर बायकोने त्याच्या जागी उभे राहावे, पण ओढ चालू असताना एकदा का हात सुटला की ती जागा कायमची गेली, अशी रीत होती. द्वारकी त्या वेळी नुकतीच विधवा झाली होती. घरी दोन लहान मुली आणि डोळे गेलेली सासू. दोरावरची हातभर जागा, एवढाच तिचा आधार होता.

एकदा जाळे किनाऱ्याजवळ येऊन तळाला अडकले असता ते सोडवायला पाण्यात उतरलेल्या सगुणचा पाय त्यात गुरफटला. सगुण म्हणजे रापणीचे प्रमुख साबाजी तांडेल यांचा धाकटा भाऊ. तो खाली गेला, वर आला, पुन्हा गेला. मासळी भरपूर होती, त्यामुळे सगळे जीव खाऊन ओढत राहिले. द्वारकीने मात्र दोर टाकला, पाण्यात उडी घेतली आणि त्याला केसांना धरून वाळूवर आणून टाकले.

वाटे पडले. द्वारकीची टोपली रिकामीच राहिली.

"तू दोर सोडलंस," साबाजी म्हणाले. "जागा गेली. रीत सगळ्यांका एकच."

तिला वाटले, हे थट्टा करताहेत. मग कळले की नाही, हे मनापासून बोलताहेत. चाळीस बाप्ये उभे होते. त्यांतल्या एकालाही लाज वाटली नाही. ती सगुणकडे वळली.

"तू सांग रे. तुका पाण्यातसून कोणी काढल्यान?"

सगुण ओल्या अंगाने उभा होता. त्याने भावाकडे पाहिले आणि मान खाली घातली. द्वारकीचा संताप झाला तो या क्षणी. साबाजींच्या तोंडून असलेच काही निघणार, हे तिला ठाऊक होते. पण ज्याच्या नाकातोंडातले पाणी अजून सुकले नव्हते, त्याने गप्प बसावे?

दुसऱ्या दिवशी सकाळी जाळे पडले आणि ती येऊन आपल्या जुन्या जागी उभी राहिली. दोर घट्ट धरला. साबाजींनी तो तिच्या हातून काढायला चार गडी पाठवले.

"आधी माझो हात तोडा," ती म्हणाली, "मगे दोर नेवा. नायतर सगुणान खरां सांगूक होया."

चौघांना तो हिसकावता आला नाही. म्हणे, चाळीसांनी ओढला तरी दोर तसूभर हलला नाही. भरती चढली. पाणी तिच्या कमरेला, मग गळ्याला लागले. बाकीचे मागे सरकत गेले. सगुणही सरकला. ती त्याच्याकडे बघत होती आणि तो वाळूकडे.

ओहोटी लागली तेव्हा द्वारकी नव्हती. तिचा दोर तेवढा किनाऱ्यापासून खोल पाण्यापर्यंत काळा दगड होऊन पडला होता. तेव्हा कुठे सगुणला कंठ फुटला. त्या रिकाम्या पाण्याकडे बघून तो ओरडत सुटला, "माका द्वारकीन काढल्यान!" बाई बुडाल्यावर खरे बोलायला काय जाते, असे लवू तांडेल इथे थांबून म्हणतात, आणि त्यांचा आवाज चढतो. ते स्वतः सगुणच्या वंशातले.

आजही माडवेळला रापण ओढली की वाटे पडण्याआधी सगुणच्या घरातला वडीलधारा पुढे येतो आणि चारचौघांत, मोठ्याने सांगतो, "माका द्वारकीन काढल्यान." द्वारकीच्या लेकींच्या वंशातली एखादी बाई समोर टोपली घेऊन उभी असते. ती विचारते, "तेवा खंय होतंस?"

तेव्हा कुठे होतास, याला उत्तर द्यायची रीत नाही. तिची टोपली भरेपर्यंत लवू तांडेल मान खाली घालून उभे राहतात.