अध्यक्षांचा बसलेला घसा

हिंदुराव मधपाळांच्या संस्थेचे अध्यक्ष होते आणि वीस वर्षांत त्यांनी मधमाश्यांची एकही पेटी उघडली नव्हती. माणूस म्हातारा झाला की आपोआप शहाणा होतो, असं आपल्या गावांनी ठरवून टाकलंय, म्हणून सगळे त्यांचं ऐकत. संस्थेच्या पाच पेट्या अंगणात सांभाळणारी हौसाबाई मात्र ऐकत नसे. पावसाळ्यापूर्वी ती निम्मा मध माश्यांसाठी पेटीतच राहू द्यायची.

एक दिवस हिंदुराव तिच्या अंगणात आले. भाषणं ठोकून घसा पार बसला होता, तरी घोगऱ्या आवाजात त्यांनी सुनावलंच.

"सगळा मध काढ. पावसाळ्यात माश्यांना साखरेचं पाणी पाज. त्यांना काय फरक कळतोय? नाहीतर संस्थेच्या पाचही पेट्या उद्या उचलतो."

हौसाबाईचं घर त्या पेट्यांवरच चालायचं.

"आणि घशाला जरा मध दे," ओट्यावर टेकत ते म्हणाले. "तुझ्याच पेटीतला दे. बाकीच्यांच्या मधानं गुण येत नाही."

तिनं आतून वाटी आणली. एक घोट घेऊन त्यांनी तोंड वाकडं केलं.

"हे तर साखरेचं पाणी."

"मग काय झालं, आबा? माश्यांनी त्यावर आख्खा पावसाळा काढायचा. तुम्हाला तर नुसता घसा मोकळा करायचाय."

हिंदुरावांनी वाटी खाली ठेवली.

"मध देते की," हौसाबाई म्हणाली. "पण उद्या पेट्या नेल्यात, तर पुढच्या भाषणाला घसा कुठनं आणाल?"

अध्यक्षांनी तिनं दिलेला चमचाभर मध मुकाट्यानं चाटला आणि वाट धरली. पाचही पेट्या आजही तिच्याच अंगणात आहेत.