धुरपदाबाईचं खिंडार

मंडळी, बांधावर जरा जपून या. हे भगदाड दिसतंय ना, त्याला धुरपदाबाईचं खिंडार म्हणतात. कडेला गंजत उभा आहे तो रशियन ट्रॅक्टर, चाकांऐवजी लोखंडी पट्ट्यांवर चालणारा. त्याच्यावर भाकरी कशासाठी ठेवलीय, असं प्रत्येक पाहुणा विचारतो. मी वरल्या आळीचा. सांगताना मान वर होत नाही, पण सांगणं भाग आहे.

वरल्या आळीत दौलतराव म्हणून मोठे बागाईतदार होते. त्यांच्या वडिलांनी लिलावातून अमेरिकन ट्रॅक्टर आणला होता. इंजिन फुटून तो कधीचाच बंद पडला, तरी अंगावर चादर आणि दसऱ्याला झेंडूची माळ चुकली नाही. पुढे खालच्या आळीने मिळून हा रशियन आणला. रशियाने म्हणे तो अमेरिकन यंत्र समोर ठेवूनच बेतला होता. शेजारी उभे केले तर सख्खे भाऊ वाटावेत. वरल्या आळीला हसायला तेवढंच निमित्त पुरलं. तो रस्त्याने निघाला की आमची माणसं ‘नकल्या आला’ म्हणून ओरडायची.

एका भाद्रपदात तळं तुडुंब भरलं आणि बांधाला चीर गेली. तळं दोन्ही आळ्यांचं. माती ओढायला चालतं यंत्र एकच, हा रशियन, आणि नेमका त्याचा कार्ब्युरेटर तडकला. त्याचा ड्रायव्हर सखाहरी आणि खालच्या आळीतली म्हातारी धुरपदाबाई दौलतरावांच्या ओट्यासमोर जाऊन उभी राहिली. बंद ट्रॅक्टरचा कार्ब्युरेटर तेवढा द्या, म्हातारी म्हणाली.

दौलतराव म्हणाले, “आमचं अस्सल आहे. नकलेला लावून बाटवू व्हय?”

धुरपदाबाई म्हणाली, “दौल्या, तुझी आय माझं बघून भाकरी थापाया शिकली. तीच खाऊन वाढलास न्हवं? ती बी बाटकीच म्हणायची का रं?”

तरी कार्ब्युरेटर काही दौलतरावांनी दिला नाही. आणि ओट्यावर बसलेल्या आमच्या थोरांपैकी एकानेही ‘द्या हो’ म्हटलं नाही. याची लाज मला दौलतरावांपेक्षा जास्त वाटते.

खालची आळी पाट्यांनी माती टाकत राहिली. म्हातारीही पाटी घेऊन चिरेपाशी गेली. दुपार कलली आणि बांध फुटला. तळं गेलं, दोन्ही आळ्यांची शेतं खरवडून निघाली. धुरपदाबाई कुणाला सापडली नाही.

चिखल तुडवत दौलतराव आले ते कार्ब्युरेटर धोतराच्या सोग्यात बांधून. त्यांनी तो स्वतःच्या हाताने बसवला. भोकाला भोक जुळलं, एक आटाही कमीजास्त नाही. सखाहरीने हँडल मारलं आणि ट्रॅक्टर सुरू झाला. तो आवाज दोन्ही आळ्यांनी ऐकला. म्हणे दौलतराव तिथेच चिखलात बसून पोरासारखे रडले.

त्यानंतर तळं पुन्हा भरलं नाही. कार्ब्युरेटर अजून याच्यातच आहे, परत मागायचं तोंड आम्हाला नाही. आजही खंडेनवमीला वरल्या आळीतली शेतीची हत्यारं पूजेआधी खालच्या आळीत जातात. ज्याला जे लागेल ते त्याने ठेवून घ्यायचं. मग पहिली भाकरी इथे येते. आणि आजही एखादा पाहुणा सहज विचारतो, “दोन्हींतला अस्सल कोणता हो?” तेव्हा आमच्यातला जो जवळ असेल तो खाली बघून भाकरीचा तुकडा त्याच्या हातावर ठेवतो.

घ्या मंडळी.